बिनछपराची गळती

बेबा अक्कानं कोकणात जाऊन किल्ल्याची भिंत चाटली, ही बातमी आमच्या गावात इतक्या लवकर पसरली की सहलीच्या बसमधून अजून निम्मी गाठोडी उतरायची होती.

सहल काढणारे जीवराम नाना चावडीच्या ओट्यावर बसून सांगू लागले, "बाईनी समुद्र दखा, अन् तिले समुद्रनं वारं लागनं. असा विषय शे." नानांची कुठलीही गोष्ट 'असा विषय शे'वर येऊन टेकते, मयताला गेले तरी. बसमध्ये अक्काच्या शेजारी बसलेली ताईबाई कमरेवर हंडा घेऊन म्हणाली, मी काही बोलत नही, आणि मग पाऊण तास बोलली. तिच्या हिशेबानं अक्कानं भिंत वरपासून खालपर्यंत चाटली आणि मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. दूध डेअरीपर्यंत जाता जाता गोष्टीत सोनं आलं: किल्ल्यात धन पुरलेलं असतं, आणि भिंत जिथं गोड लागते तिथं खणायचं असतं. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. म्हणजे गोष्टीत आले; गावात कोणी आलं नाही.

खरं काय ते असं. अक्कानं भिंत चाटली नाही. भिंतीला बोट लावलं आणि बोट चाटलं. पोलीस नव्हते, एक रखवालदार होता. सोनं नव्हतं. वारंही लागलं नव्हतं. उलट गेल्या तीन वर्षांत तिचं डोकं त्या दुपारी होतं तितकं ठिकाणावर कधीच नव्हतं. हे मला माहीत, कारण आमचं घर तिच्या घराला चिकटून आहे. मधली भिंत एकच. तिकडं अक्का उसासा टाकते, इकडं आमच्या फळीवरची वाटी हलते.

बेबा अक्का साठीच्या घरातली. काटक, बुटकी, पायात कधी चप्पल नाही. चप्पल घातली तर छप्पर काय म्हणतं ते ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं. कारण तिचं काम धाब्यांचं. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची असतात: मातीच्या भिंती, त्यावर आडव्या लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि काटक्या, त्यावर निंबाचा पाला, वर चिखल, आणि सगळ्यांत वर वीतभर पांढरी खारी माती. खारी माती नीट चोपून बसवली की तिच्यातून पाणी खाली उतरत नाही. ही माती येते गावच्या पडक्या गढीतून. गढी कोणाची, कोणी बांधली, ते आता कोणी विचारत नाही. दर उन्हाळ्यात गाव कुदळी-टोपल्या घेऊन जातं आणि गढीचा एक तुकडा उचलून आपापल्या छपरावर नेऊन घालतं. माझ्या आजोबांच्या लहानपणी गढीला दोन बुरूज होते म्हणतात. ते आता गल्लीभर पसरलेत, आमच्या डोक्यावर.

कुठली माती छपराची आणि कुठली चुलीला सारवायची, हे अक्का जिभेवर ठेवून सांगते. छप्पर कुठं पोकळ झालंय हे टाचेनं सांगते. लग्नाच्या पंगतीत दुसऱ्या वाढपाच्या आत ती उठून यजमानाच्या छपरावर गेलेली असते, आणि वरून खाली बुंदी वाढणाऱ्याला ओरडून विचारते की पन्हाळीत हे कबुतर किती दिवसांपासून आहे. एका जागी बसलेली अक्का मी पाहिली नव्हती. बसली तरी टाच चालू. जमिनीवर ठक ठक, ठक ठक, जणू जमिनीखालीही कोणाचं तरी घर आहे आणि त्याचं धाबं तिला तपासायचंय.

अशा बाईचं स्वतःचं छप्पर तीन पावसाळे गळत होतं.

गळायचं तेही कुठं, तर स्वयंपाकघराच्या बरोबर मध्ये, तिसऱ्या तुळईवरून. पाऊस सुरू होऊन तासभर झाला की टप. मग मोजून दहा अंक, आणि पुन्हा टप. खाली परात ठेवलेली. अक्कानं पहिल्या वर्षी तिथली माती काढून नवी घातली. दुसऱ्या वर्षी चिखलापासून सगळं उकरून नवा पाला अंथरला. तिसऱ्या वर्षी तुळईवरच्या फळ्यासुद्धा बदलल्या. परातीला काही फरक पडला नाही. गावातली लोकं तोंडावर काही बोलत नव्हती, पण मागच्या उन्हाळ्यात धाबं बघायला म्हणून तिला तीनच घरांनी बोलावलं. चौथं घर ज्याचं, त्या भाईदासनं तर सांगूनच टाकलं म्हणे की अक्का, पह्यले घरनं दख.

तिचा मुलगा लोटन एरंडोलला बी-बियाण्याच्या दुकानात आहे. रोज सायकलनं जातो-येतो, आणि येताना एक इंग्रजी शब्द घेऊन येतो. त्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, 'प्रॅक्टिकल' आणला होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पुरणपोळी खाता खाता त्यानं आईला सांगितलं की आता प्रॅक्टिकल विचार करायला पाहिजे. धाबं उतरवायचं आणि पत्रे टाकायचे. पत्रे त्यानं आणलेसुद्धा होते. दारातल्या निंबाला टेकवून ठेवले होते आणि वारा आला की ते आपसांत बोलत.

अक्का म्हणाली, गळती सापडली तर?

लोटन म्हणाला, सापडली तर पत्रे गोठ्यावर टाकीन. पण तीन वर्षं झाली, माय. आता येता सोमवार शेवटचा. सुकदेव मिस्त्री सोमवारी येणार आहे. त्याच्या आत सापडली तर सापडली.

पत्र्याच्या घरात राहणारी बाई दुसऱ्याच्या धाब्यावर कोणत्या तोंडानं चढणार? हे लोटनला कळत नव्हतं असं नाही. त्याला परातही रोज उचलावी लागत होती.

गंमत अशी की त्या सोमवारच्या आधीच्या बुधवारी जीवराम नानांची सहल निघणार होती, आणि तिच्यात अक्काचं नाव महिनाभर आधीच घातलेलं होतं. अक्का म्हणाली, मी जात नही. लोटन म्हणाला, जाय, समुद्र दखी ये. मग अक्काला वाटलं, हा मला मुद्दाम घालवतोय. तिनं त्याला चुलीसमोर उभं करून शब्द घेतला की सोमवार उजाडायच्या आत छपराला हात लावणार नाही. त्यानं दिला. तरी बुधवारी पहाटे बसमध्ये चढताना ती तीनदा खाली उतरली. एकदा पाण्याचा तांब्या विसरला म्हणून, एकदा दाराची कडी बघायला, आणि तिसऱ्यांदा काहीच कारण न सांगता निंबाखालच्या पत्र्यांवर घोंगडी टाकून आली. दिसले नाहीत म्हणजे निदान बोलणार तरी नाहीत.

धुळ्यापर्यंत तिचं बरं चाललं, कारण धुळ्यापर्यंत धाबी होती. खिडकीतून डोकं बाहेर काढून ती एकेक छप्पर वाचत होती. ह्यानं माती ओली असताना चोपली. ह्याची पन्हाळ उलटी. हे घर बाईचं दिसतं, कड बघ कशी सारवलीय. मालेगावच्या पुढं पत्रे वाढले तशी ती गप्प झाली. नाशिकनंतर कौलं सुरू झाली. कसाऱ्याचा घाट उतरल्यावर तर छपरांना दोन्ही बाजूंनी उतार. मग अक्कानं डोकं आत घेतलं आणि ताईबाईला विचारलं, या लोकांनी पापड वाळवायचे कुठं? उन्हाळ्यात झोपायचं कुठं? ज्या छपरावर माणूस चढतच नाही, त्याला दुखतंय कुठं हे माणसाला कळणार कसं?

ताईबाई म्हणाली, मी काही बोलत नही, पन तुनी टाच मना पायवर पडी ऱ्हायनी.

तिला सोमवार दिसत होता. अलिबागला धर्मशाळेत उतरले, तर बाकीचे अंघोळीच्या रांगेत असताना ही मागच्या जिन्यानं वर. जेवायला बसले, तर हिचं पान अर्धं. नाना बसमध्ये उभे राहून पुढच्या दिवसाचा कार्यक्रम सांगत होते, आणि ही मधूनच विचारत होती की परत कोणत्या दिवशी, किती वाजता. नानांनी चार वेळा सांगितलं, रविवार, संध्याकाळ. पाचव्यांदा ते म्हणाले, "बेबाबाई, रविवारले काही पाय नही की तो पुढे पळी जाई. असा विषय शे."

गुरुवारी दुपारी ते किल्ल्यावर गेले. अलिबागच्या पुढं तासाभराच्या रस्त्यावर, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या एका नाकावर तो किल्ला आहे. मोठं नाव नाही. तिथले लोक त्याला नुसता 'कोट' म्हणतात. माडांच्या वाडीतून पायवाट, मग दरवाजा, पण दरवाज्याला दार नाही. आत काळ्या दगडाच्या भिंती, भिंतींत शिरलेली वडाची मुळं, वाळूत अर्धी बुडालेली एक तोफ. तिन्ही बाजूंनी समुद्र. सगळे आधी पाण्याकडं धावले. पन्नाशीची माणसं लुगडी-धोतरं वर खोचून किंचाळत होती. अक्कानंही दोन पावलं टाकली, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

"इतलं पाणी," ती ताईबाईला म्हणाली, "अन् कोन्हा कामनं नही."

समुद्राशी तिचं एवढंच बोलणं झालं. मग ती एकटीच मागं वळून किल्ल्यात शिरली. उभं राहणं तिला जमेना, आणि पडकी घरं तिच्या ओळखीची. ती एका मोठ्या खोलीत आली. चार भिंती शाबूत, वर छप्पर नाही, मोकळं आभाळ. दोन समोरासमोरच्या भिंतींच्या वरच्या अंगाला ओळीनं चौकोनी भोकं. ती काय आहेत हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. अक्काला पाहताक्षणी कळलं: तुळयांची टोकं बसवायच्या खोबण्या. तुळया गेल्या, खोबण्या राहिल्या. तिनं मान वर करून त्या मोजल्या. अकरा. दोन खोबण्यांमध्ये सव्वा हाताचं अंतर. म्हणजे वर वजन भारी असणार. आठ गाड्या माती, दोन गाड्या पाला, सहा बायका चार दिवस. इतका वेळ तिची टाच थांबली होती. डोक्यातल्या डोक्यात ती त्या खोलीवर धाबं घालत होती, आणि घालता घालता माती बघायला म्हणून तिनं पायाखालची चिमूटभर उचलून तोंडात टाकली.

खारी. इतकी खारी की गढीची माती तिच्यापुढं अळणी. अक्कानं खांद्यावरची पिशवी रिकामी केली, आतली दशमी पदरात बांधली, आणि खाली बसून दोन्ही हातांनी माती भरायला लागली.

आता ही चूक आमच्याच गावचं माणूस करू शकतं. पडकी जुनी भिंत म्हणजे छपराची माती, असं आम्ही पाळण्यापासून शिकतो. पिशवी निम्मी भरली तेव्हा मागून आवाज आला.

"ओ आजी. ती माती खाली ठेवा."

खाकी शर्ट, खाली लुंगी, हातात काठी, दाढीचे पांढरे खुंट. रखवालदार. त्यानं तिला विचारलं की माती कशाला पाहिजे. ती म्हणाली, छपरावर घालायला. तो म्हणाला, छपरावर माती घालतात? ती म्हणाली, मग काय घालतात? यावर दोघंही जरा वेळ एकमेकांकडं, हा माणूस बरा आहे ना, अशा नजरेनं बघत राहिले. शेवटी तो म्हणाला की इथली माती, दगड, झाड, सगळं सरकारचं आहे. प्रत्येकानं एकेक पिशवी नेली तर कोट राहील का? अक्कानं आमच्या गढीचा विचार केला आणि पहिल्यांदाच तिला त्या दोन बुरुजांचं काहीतरी वाटलं. तिनं पिशवी उलटी केली. माती हातानं सारखीसुद्धा केली, सवयीनं.

आणि तेवढ्यात तिला ऐकू आलं. टप.

ती तशीच ओणवी थांबली. मनातल्या मनात दहा मोजले. टप.

हा आवाज तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तीन पावसाळे ती याच आवाजाशेजारी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं. वर आभाळ. मे महिना, ढगाचं नाव नाही. छप्पर नाही, पाऊस नाही, आणि टप. ती आवाजाच्या मागं गेली. डाव्या भिंतीतल्या चौथ्या खोबणीखाली हिरवट काळी रेघ उतरली होती. खोबणीच्या ओठावर थेंब धरत होता, फुगत होता, खाली पडत होता. खाली दगडावर बोटभर खळगा पडलेला. म्हणजे हे काही आज-कालचं नाही.

अक्काच्या मनात आधी समुद्र आला. वाऱ्यानं लाटांचं पाणी उडत असेल. म्हणून तिनं बोट पुढं केलं, थेंब बोटावर घेतला आणि बोट जिभेवर ठेवलं.

गोड.

ती पुन्हा बोट लावायला गेली. नेमकी त्या वेळी अक्काला शोधत आलेली ताईबाई दरवाज्यात उभी राहिली, आणि तिथून तिला जे दिसलं ते आपण आधी ऐकलंच आहे. रखवालदारही दचकला.

"ओ आजी," तो म्हणाला, "भिंत सरकारची हाय ती. चाटायची नाय."

अक्कानं त्याला विचारलं, या भिंतीच्या पलीकडं काय आहे? तो म्हणाला, टाकं. गोड्या पाण्याचं. आमची माणसं तेच पाणी पितात, उन्हाळाभर आटत नाही. दाखव, अक्का म्हणाली. तो पुढं, ही मागं, ताईबाई त्यांच्या मागं पदर तोंडावर धरून. भिंतीला वळसा घालून पायऱ्या चढल्या तर खरंच टाकं. दगडात बांधलेलं, कडेपर्यंत नाही पण बरंच भरलेलं, त्यात कोणीतरी सोडलेले दोन मासे. अक्कानं पाण्याची पातळी नजरेनं भिंतीवर नेली. पातळी खोबण्यांच्या वर होती. पाणी टाक्यातून भिंतीत जात होतं, भिंतीतून वाट काढत खोबणीत येत होतं. तिथं तुळई असती तर तुळईच्या अंगावरून सरकत खोलीच्या मध्यावर आलं असतं, आणि मध्यावर कुठं तरी लाकडाला गाठ लागली की तिथून खाली. खालच्या माणसानं वर पाहिलं असतं आणि छपराला शिव्या दिल्या असत्या.

अक्का टाक्याच्या काठावर बसली. ताईबाई शपथेवर सांगते की ती तिथं अर्धा तास हललीच नाही, टाचसुद्धा नाही, आणि म्हणूनच ताईबाई घाबरली. वारं लागल्याशिवाय बेबाबाई एवढी शांत कशी बसेल? शेवटी अक्का बोलली ते एकच वाक्य, तेही कोणाला उद्देशून नाही.

"छप्पर नही, काही नही, तरी गळी ऱ्हायनं. मंग छप्परले काबर दोष देवो?"

तिच्या घरातल्या तिसऱ्या तुळईचं एक टोक बसलेलं आहे ते आमच्या-तिच्या मधल्या भिंतीत. आणि त्या भिंतीवर शहाऐंशी सालापासून टेकलेला आहे आमचा स्लॅब.

हा स्लॅब आमच्या गल्लीतला पहिला. माझे वडील भिकन भाऊ त्याची ओळख करून देतात ती घरातल्या थोरल्या मुलासारखी. "स्लॅब म्हणजे स्लॅब," ते म्हणतात, आणि पुढं काही म्हणत नाहीत, कारण पुढं काही लागतच नाही, असं त्यांना वाटतं. तीन वर्षांत त्यातून आमच्या घरात एक थेंब पडला नव्हता. एक. हे खरंच होतं. आणि अक्काची गळती तीन पावसाळ्यांची होती. हे दोन आकडे समोरासमोर असून कोणी एकमेकांना जोडून पाहिले नव्हते. स्लॅबवर संशय घ्यायचं कोणाच्या मनातच येत नव्हतं, अक्काच्याही नाही. गळायचं तर मातीनंच गळायचं.

गुरुवारपासून अक्काचे जे हाल सुरू झाले ते बघवत नव्हते म्हणतात. आधी तिला माहीत नव्हतं म्हणून चैन नव्हतं. आता माहीत झालं म्हणून नव्हतं. तिनं नानांना सांगितलं, बस वळवा. नाना म्हणाले, बसमध्ये त्रेचाळीस माणसं आहेत आणि पालीचा गणपती राहिलाय. पालीला ती बसमधून उतरली नाही, लवकर निघावं म्हणून. सगळे उतरले होते, त्यामुळे बस काही निघाली नाही. जेजुरीला उतरली, आणि सगळ्यांच्या आधी गड चढून सगळ्यांच्या आधी परत येऊन बसच्या दारात उभी राहिली. रविवारी शिर्डीत बायकांनी ठरवलं की आता एवढं आलोय तर सोमवारची काकड आरती घेऊनच निघायचं. अक्का एकटी विरुद्ध होती. देवाच्या आरतीला विरोध करणारी बाई म्हणजे वारं लागलेलीच असणार. ताईबाईला अजून एक पुरावा मिळाला.

सोमवारी अकराच्या सुमारास बस गावात आली. निंबाजवळच्या वळणावरूनच अक्काला आपल्या छपरावर माणूस दिसला. सुकदेव मिस्त्री, हातात पहार. ड्रायव्हरनं बस पुरती थांबवली नव्हती तोवर ती उतरली होती. घोंगडी बाजूला पडलेली, पत्रे उन्हात चमकत होते. खांद्यावर पिशवी तशीच ठेवून ती शिडी चढली आणि मिस्त्रीच्या पहारीवर अनवाणी पाय ठेवून उभी राहिली. पुढच्या कोपऱ्यातली चार टोपल्या माती निघाली होती.

खालून लोटन म्हणाला, "सोमवार शे, माय. मी शब्द पाळा."

"पाळा," ती म्हणाली. "अन् मले गळती सापडनी."

"कोठे?"

तिनं हात लांब करून आमचा स्लॅब दाखवला. मी त्या वेळी स्लॅबवरच होते, कुरडया वाळत घालत, आणि मला वाटलं ती मलाच दाखवतेय.

लोटननं विचारलं, हे तुला कोणी सांगितलं. "किल्लानी," अक्का म्हणाली. गल्ली हसली. मीही हसले, आणि तेवढ्यातच मला हा एक शब्द तिच्या हुबेहूब आवाजात म्हणता येत होता. माझे वडील धोतर सावरत बाहेर आले आणि म्हणाले, "अक्का, स्लॅब म्हणजे स्लॅब."

अक्कानं वाद घातला नाही. तिनं लोटनला सांगितलं, पाणी आण. मे महिन्यात, जेव्हा प्यायच्या पाण्याला रांग लागते तेव्हा, ती छपरावर ओतायला पाणी मागत होती. पण लोटननं काहीतरी पाहिलं असावं तिच्या तोंडावर. त्यानं मळ्यातून बैलगाडीवर दोन टिपाडं भरून आणली. पहिलं टिपाड तिनं स्वतःच्या धाब्यावर ओतायला लावलं, बरोबर परातीच्या डोक्यावर. आम्ही सगळे खाली स्वयंपाकघरात माना वर करून उभे. तास गेला. दीड तास गेला. परात कोरडी.

मग ती आमच्या जिन्यानं आमच्या स्लॅबवर आली. स्लॅबचा उतार तिनं टाचेनं शोधला, आणि तो पन्हाळीकडं नव्हताच. तो होता मधल्या भिंतीच्या कोपऱ्याकडं. तिथं तिनं दुसरं टिपाड ओतायला सांगितलं. पाणी कोपऱ्यात जाऊन तळं झालं. वडील म्हणाले, पाणी साचणं वेगळं आणि गळणं वेगळं. आणि मी, आमच्या स्लॅबच्या अब्रूसाठी, अख्ख्या गल्लीसमोर, अक्काच्याच आवाजात, टाच आपटत आपटत म्हणाले की हाई पाणी तुना घरमा गयं तर मी तुना धाबाना चिखल तुडवसू.

अक्का वळली.

"किती?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, तू बस म्हणेपर्यंत. पण दिवस मावळायच्या आत थेंब पडला नाही, तर तू आमच्या ओट्यावर तासभर एका जागी बसायचं, टाच न हलवता, आणि मी सगळ्या गावाला तुझी नक्कल करून दाखवीन.

"लागनी पैज," ती म्हणाली.

मी निर्धास्त होते. दोन वाजले, तीन वाजले. स्लॅबवरचं तळं हळूहळू कमी होत होतं. वडील म्हणाले, ऊन आहे, वाफ होते. साडेतीनला स्वयंपाकघरात लोटनशिवाय कोणी उरलं नव्हतं. चारला त्यानं हाक मारली, फार मोठ्यानं नाही. आम्ही धावलो. तो परातीशेजारी उकिडवा बसला होता. परातीत एक थेंब पडलेला होता. माझ्या वडिलांचे ओठ हलत होते; ते मोजत होते. दहाला दुसरा पडला.

लोटननं परात उचलली, बाहेर नेली आणि पत्र्यांकडं बघत गोठ्याच्या दिशेनं मान हलवली. सुकदेव मिस्त्री पहार खांद्यावर टाकून गोठ्याकडं गेला. वडील स्लॅबवर जाऊन कोपऱ्यात बराच वेळ बसून राहिले, आजारी माणसाजवळ बसतात तसे. सिमेंट त्यांनी दुसऱ्या दिवशी आणलं.

माझा चिखल बुधवारी सुरू झाला. पुढच्या कोपऱ्यातली निघालेली माती परत घालायची होती, आणि अक्काला त्या निमित्तानं अख्ख्या छपराला एक थर द्यायचा होता. चिखल घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. ती कडेनं गोल गोल फिरत होती, मधूनच वाकून एक चिमूट जिभेवर ठेवत होती, थुंकत होती, पाणी घालत होती. ताईबाई आपल्या घरातून खिडकीत येऊन म्हणाली, मी काही बोलत नही. भाईदास रस्त्यावरून जाताना थांबला आणि म्हणाला, अक्का, मोकळी झाली की आमच्याकडं एक चक्कर मार.

तीन दिवस झाले. माझ्या पायांना आता छप्पर काय म्हणतं ते ऐकू यायला लागलं होतं, आणि ते म्हणत होतं की पुरे. चौथ्या दिवशी दुपारी मी तिच्याच आवाजात, तिच्याच ठसक्यात, टाच वर करून विचारलं, "व्हयनं का, अक्का?"

तिनं वाकून चिमूटभर चिखल उचलला, जिभेवर ठेवला, आभाळाकडं बघत चव घेतली.

"नही," ती म्हणाली.